वरच्या मजल्यावर भाड्याचं घर, तीन ठिकाणी ओल आणि बुरशी: दुरुस्ती कुणी करायची?

वाघूरकाठ (प्रश्न)

नमस्कार. जळगावात तीन मजली इमारतीत सर्वांत वर आम्ही भाड्याने राहतो. भाडं महिना ९,०००, अनामत ३०,०००. ११ महिन्यांचा नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार आहे, त्यातले सात महिने बाकी आहेत.

बेडरूमच्या उत्तरेकडच्या भिंतीला, कपाटामागे, काळे ठिपके आलेत आणि कुबट वास येतो. हॉलच्या छताला कोपऱ्यात पिवळट कडी उमटली आहेत, पाऊस झाला की वाढतात. आणि बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीला खालच्या दोन फुटांत रंगाचे पोपडे सुटून पांढरी भुकटी गळते.

मालक म्हणतात, "तुम्ही खिडक्या बंद ठेवता, कपडे घरात वाळवता, कूलर चालवता, म्हणून बुरशी आली. खर्च अनामतीतून कापीन." करारात "अंतर्गत किरकोळ दुरुस्ती लायसेन्सीने करावी" एवढंच वाक्य आहे; लायसेन्सी म्हणजे राहणारे आम्ही. हे सगळं त्या "किरकोळ"मध्ये बसतं का? आणि लेखी काय द्यावं?

विटचुना

ताई, वर्णनावरून तिन्ही जागी पाणी वेगवेगळ्या वाटेने येतंय. पाण्याची वाट कळली की खर्च कुणाचा हे निम्मं तिथेच ठरतं. म्हणून वाद घालण्याआधी दोन-तीन दिवस तपासणीला द्या, तारखेसकट फोटो काढा आणि शक्य तर मालकांना समोर उभं करा.

कपाटामागची भिंत: कपाट पुढे ओढा. ठिपक्यांच्या शेजारी रंग शाबूत असेल तिथे भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉईल एक फूट बाय एक फूट लावा. चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा, हवा जायला नको. ४८ तासांनी बघा. फॉईलच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर ओल हवेतली आहे. फॉईल उचलल्यावर आतून, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या तरी बुरशी खोटी ठरत नाही. कपाटामागे कोंडलेली दमट हवा तिला पुरते, भिंतीवर पाणी ओघळायची गरज नसते.

पांढरी भुकटी: ती बुरशी आहे की लोणा, हे आधी ओळखा. भुकटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. लोणा म्हणजे क्षार, तो विरघळून दिसेनासा होतो. बुरशी विरघळत नाही, ओली होऊन तशीच राहते. लोणा निघाला तर ओळखायचं की पाणी भिंतीतून बाहेर येतंय, पृष्ठभागावर येऊन वाळतंय आणि मीठ मागे ठेवतंय. खोलीतल्या दमट हवेने असं होत नाही.

बाथरूमची वाट शोधायला: नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भोकात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, जमिनीवर इंचभर पाणी भरा, पेन्सिलने पातळीची खूण करा आणि २४ तास थांबा. पातळी उतरली आणि मागची ओल वाढली तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपचा गळा फुटलाय. पाणी तसंच राहिलं तर भिंतीतली पाइपलाइन बघायची. यातही एक खूण आहे: वापर झाला की ओल वाढते, तेव्हा दोष निचऱ्याच्या बाजूला असतो. दोन दिवस बाथरूम न वापरताही ओल वाढतच राहिली तर दाबाची, म्हणजे नळाकडे जाणारी लाइन गळतेय. प्लंबर हातपंपाने लाइनवर दाब देऊन हे तासाभरात दाखवू शकतो.

छत: पिवळ्या कड्याच्या बाहेरच्या रेषेवर पेन्सिल फिरवा, तारीख लिहा. प्रत्येक नवीन कडं म्हणजे एकदा नव्याने पाणी आलेलं. गच्चीवर त्याच जागी ओल्या मातीची पाळ करून दोन इंच पाणी साठवा. मालकांची परवानगी घेऊन, लहान जागेतच. पूर्ण गच्ची भरू नका, दोन इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो होतं.

अमळनेर_भाडेकरार

मालकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आपल्याकडे मार्च ते जून कूलर अखंड चालतो. टाकीतलं पाणी संपतं ते कुठे जातं? सगळं हवेतून खोलीत येतं. वैशाखात हवा इतकी कोरडी असते की ते खपून जातं. पण पाऊस सुरू झाल्यावरही पंपासकट कूलर चालू ठेवला आणि समोरची खिडकी बंद असली तर खोली दमट होणारच. कूलर खिडकीबाहेर असावा, समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं असावं, आणि पहिल्या पावसानंतर पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकी रिकामी करून वाळ्याचे किंवा लाकडी किसाचे पॅड काढून ठेवावेत, कुबट वास बऱ्याचदा तिथूनच येतो.

कपडे घरात वाळवायचेच असतील तर एकाच खोलीत, पंखा लावून, खिडकी उघडी ठेवून. कपाट भिंतीपासून किमान चार इंच पुढे. गव्हाच्या गोण्या, कोठी भिंतीला टेकवू नयेत, खाली लाकडी फळी घालावी. एवढं भाडेकरूने केलं पाहिजे, ते त्याच्याच हातात आहे.

बाकी लोणा म्हणजे जमिनीतून चढलेली ओल, त्याला इलाज नाही, दर दोन वर्षांनी गिलावा बदलायचा.

विटचुना

कूलरचं अगदी बरोबर. शेवटच्या ओळीबद्दल मात्र दुरुस्ती: हे घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, जमिनीतली ओल तिथवर चढत नाही. ती साधारण तीन फुटांपर्यंत पोचते, तीही तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर खालच्या दोन फुटांत लोणा दिसला की पाइप किंवा बाथरूमची फरशी. आणि तळमजल्याच्या ओलीलाही इलाज आहे, पुढे कुणी विचारलं तर लिहीन.

दिवाणी_बाजू

कायद्याचं लिहितो. इथे अनेकांची गल्लत होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम १४ सांगतं की भाडेकरूने वेगळं कबूल केलं नसेल तर जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वजा करू शकतो. मर्यादा अशी की एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त वजा करता येत नाही. महिना ९,००० म्हणजे वर्षाला १,०८,०००, त्याचा चौथा हिस्सा २७,०००. पावत्या नीट ठेवाव्या लागतात.

पण हे कलम "भाडेकरू"साठी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणारा कायद्याच्या भाषेत लायसेन्सी असतो. त्यामुळे कलम १४ दाखवून थेट भाडं कापायला जाऊ नका. भाडं थकवलं हा मुद्दा मालकाच्या हातात आयता जाईल. लायसेन्सीचा मुख्य आधार करारातली कलमं. शिवाय भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम ५७: जागेत धोक्याचा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि लायसेन्सीला माहीत नसेल, तर तो आधीच सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मागच्या पावसाळ्यातही हे छत गळत होतं असं शेजाऱ्यांकडून कळलं तर ते नोंदवून ठेवा. इथे बाधित पक्ष तुम्ही आहात, पण दोष धोक्याचा होता हे दाखवणं तुमच्याकडे येतं. म्हणून फोटो आणि तारखा.

"अंतर्गत किरकोळ दुरुस्ती" याचा सरळ अर्थ नळाचा वॉशर, बल्ब, स्विच, कडी-कोयंडा, तुंबलेली मोरी. गच्चीची गळती आणि भिंतीत गाडलेला पाइप त्यात बसवणं ओढूनताणून होईल. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडे कायदा तयार केला त्याच्या परिशिष्टात अशीच वाटणी आहे: संरचनेची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, गरज पडल्यास पाइप बदलणं, विजेचं वायरिंग मालकाकडे, वॉशर, मोरी, स्विच, गीझर, काचा भाडेकरूकडे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. तरी नवीन करार लिहिताना हीच वाटणी कलमात घालून घ्यावी.

इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची असेल तर गोष्ट आणखी वेगळी. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप यांची गळती आणि गच्चीतून पाणी आल्याने सर्वांत वरच्या फ्लॅटच्या छताचा व गिलाव्याचा जो बिघाड होतो त्याची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. अर्ज मात्र सभासदाने, म्हणजे मालकाने द्यायचा.

वाघूरकाठ

सगळ्यांचे आभार. तपासणी झाली. कपाटामागे फॉईलच्या खोलीकडच्या बाजूला बारीक दव होतं, आतली बाजू कोरडी. भुकटी थेंबात विरघळली. बाथरूममध्ये पाणी २४ तासांत अर्धा इंच उतरलं आणि मागची भिंत हाताला गार लागायला लागली. गच्चीवर पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यात पाणी साठवल्यावर सहा तासांनी छताचं कडं पेन्सिलच्या रेषेबाहेर गेलं. मालक गच्चीवर हजर होते. इमारत त्यांच्या एकट्याच्या मालकीची आहे, संस्था नाही.

विटचुना

म्हणजे छत आणि बाथरूम मालकांकडे, कपाटामागची बुरशी बहुतांशी तुमच्याकडे. "बहुतांशी" यासाठी की त्या खोलीला समोरासमोर हवा खेळायला खिडकी किंवा झरोका नसेल, तर ती सोय करून देणं मालकाचं काम.

आता मालकांनी काय करायचं ते लिहितो, म्हणजे मिस्त्री नुसता रंग फासून जाणार नाही.

गच्ची. पॅरापेट आणि कोबा जिथे मिळतात तिथला वाटा, म्हणजे तो गोलसर काठ, बहुतेक तडकलेला असणार. उन्हाळ्यात ४४-४५ अंशांत स्लॅब फुगतो, रात्री आकसतो, आणि पहिली भेग तिथेच पडते. पाऊस चालू असताना पक्कं वॉटरप्रूफिंग होत नाही, ओल्या पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही आणि फोड येऊन सुटतं. आत्ता फक्त तात्पुरतं करा: पन्हळाचं तोंड साफ, कोपऱ्यावर ताडपत्री, चार दिवस उघडीप मिळाली तर भेगेवर डांबरी पट्टी. पक्कं काम दिवाळीच्या आसपास. सैल वाटा फोडून काढायचा, तारेच्या ब्रशने साफ करायचं, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने नवीन वाटा मारायचा, तो ओला ठेवून मुरवायचा, पूर्ण वाळू द्यायचा. मग अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात, पहिला हात ओला असतानाच त्यात फायबरची जाळी बसवायची, दुसरा हात दुसऱ्या दिवशी आडव्या दिशेने. कोटिंग पॅरापेटवर किमान फूटभर वर चढवायचं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी लावायचं, भर उन्हात वरची साय धरते आणि खालचं ओलं राहतं. शेवटी गच्चीचा उतार तपासा: शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर तरी पन्हळाकडे हवा. डबकं राहत असेल तर कोटिंगवर पैसे घालवून उपयोग नाही, आधी उतार.

बाथरूम. फरशीच्या सांध्यांतलं जुनं सिमेंट उकरून इपॉक्सी ग्राउट भरणं हा पहिला, स्वस्त उपाय. भरल्यावर ग्राउटच्या डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग पुन्हा बोळा लावून तीच २४ तासांची चाचणी करा. पाणी तरीही उतरलं तर ट्रॅपचा गळा फुटलाय, आणि फरशी फोडण्यावाचून इलाज नाही.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं: गळती थांबल्यावर लगेच गिलावा-पुट्टी करू देऊ नका. भिंत जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना या हिशेबाने वाळते. सैल गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढायचा, लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार परत भिंतीत मुरतात. मग भिंत उघडी ठेवायची. आठ दिवसांत पुट्टी मारली तर येत्या पावसाळ्याआधीच पोपडे पुन्हा येतील आणि मालक म्हणतील, "बघा, तुमच्यामुळेच."

दोंडाईचेकर

मध्येच विचारतो. तळमजल्यावरचं जुनं विटांचं घर, समोरचा रस्ता काँक्रीटचा होऊन उंच झालाय. ओल तीन फुटांपर्यंत, शिवाय दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग. हे कुणाचं?

विटचुना

दोन्ही मालकाचं. जोत्यावरचा ओलरोधक थर बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान सहा इंच वर असावा लागतो. रस्ता उंच झाला की तो थर मातीखाली जातो आणि पाणी त्याला वळसा घालून भिंतीत शिरतं. शक्य असेल तिथे भिंतीलगत माती खाली उतरवा, नाहीतर दोन-तीन फुटांचा बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करा. ते झाल्यावर भिंतीत खाली चार-पाच इंचांच्या अंतराने भोकं पाडून ओलरोधक रसायन भरता येतं. जुन्या विटांना कडक सिमेंटचा गिलावा मारू नका. ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी करा: भिंत श्वास घेते, आणि चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी सहज धरत नाही.

तिरकी भेग काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया हलतो. भेगेत नुसतं सिमेंट भरलं तर पुढच्या वैशाखात तिथेच उघडेल. लवचिक सीलंट भरा आणि पायाजवळ पाणी साचू देऊ नका. भेग बोट जाईल इतकी रुंद असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

दिवाणी_बाजू

वाघूरकाठ, पत्र असं लिहा, भांडणाचा सूर नको:

"आपल्या घरात दि. … रोजी आपल्या उपस्थितीत गच्चीच्या कोपऱ्यात पाणी साठवले असता सहा तासांत हॉलच्या छताला ओल वाढली. बाथरूममध्ये साठवलेले पाणी २४ तासांत अर्धा इंच उतरले व मागील भिंतीस ओल आली. फोटो सोबत जोडले आहेत. ही दुरुस्ती आपण हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सुरू करावी. गच्चीचे पक्के काम पावसाळ्यानंतर करणार असल्यास तारीख लेखी कळवावी. बेडरूममधील कपाटामागील बुरशीची सफाई आम्ही स्वखर्चाने करत आहोत."

शेवटचं वाक्य ठेवाच. आपली बाजू आपण पार पाडतोय हे त्यातून दिसतं. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरही द्या. भाडं दर महिन्याला बँकेतूनच भरा. उत्तर आलंच नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावा दाखल करण्याआधीची तडजोड मागता येते, आणि तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनामतीतून कापलं तर हिशेब लेखी मागा: कोणतं काम, किती, कुणाची पावती.

अमळनेर_भाडेकरार

सफाईचं राहिलं. काळ्या ठिपक्यांवर कोरडा ब्रश मारू नका, बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. आधी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. डाग राहिले तर चार लिटर पाण्यात एक कप घरगुती ब्लीच, लावून दहा मिनिटांनी पुसून घ्या आणि भिंत पूर्ण वाळवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं काही चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी किंवा लहान मूल असेल तर त्या वेळी बाहेर पाठवा. कपाटाची पाठ प्लायची असेल तर ती मागूनही पुसा. गादीला बुरशी लागली असेल तर ती टाकूनच द्या, आतली निघत नाही. एक दमटपणा मोजायचं छोटं यंत्र खोलीत ठेवा. आकडा ७० टक्क्यांच्या वर राहत असेल तर खोली बुरशीला पुरेल इतकी दमट आहे असं समजा.

वाघूरकाठ

पत्र उद्या टाकते. मालकांनी तोंडी बाथरूमचं ग्राउट या रविवारी करायचं कबूल केलंय. एकच शेवटचं: छताच्या कड्यापासून हातभर अंतरावर पंख्याचा हूक आहे. पंखा चालवावा का?

विटचुना

नाही. आजच बंद करा. स्लॅबमधल्या वायरच्या नळीतून पाणी सरळ हुकाच्या डब्यात उतरतं, बाहेरून काही दिसत नाही. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडायचा स्विच, खाली करा आणि इलेक्ट्रिशियनकडून डबा उघडून बघा. डबा ओला निघाला तर छत पूर्ण वाळेपर्यंत ती लाइन तोडून ठेवायची, पंखा टेबलावरचा वापरायचा. मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवायचं पत्रात मालकांकडे मागा, वायरिंग त्यांच्याच वाट्याचं आहे. ग्राउट झाल्यावर २४ तासांच्या चाचणीचा आकडा इथे टाका.